लायटनिंगची खिचडी

आमच्या बाईंच्या घरात फ्रीझरला स्वतंत्र खोली होती आणि बाई स्वतः स्वयंपाकघरात झोपायच्या. घाटकोपरला, स्टेशनपासून दहा मिनिटांवर, तळमजल्याच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत, जिथे कुठल्याही शहाण्या माणसाने दिवाण आणि टीव्ही ठेवला असता, तिथे ती पांढरी पेटी. वरून झाकण उघडायची, आइस्क्रीमवाल्याकडे असते तशी. असते तशी काय, आइस्क्रीमवाल्याचीच होती. त्याने दुकान बंद केलं तेव्हा बाईंनी ती उचलून आणली. पेटीच्या पुढच्या अंगावर आइस्क्रीमच्या गुलाबी कोनाचं चित्र होतं, ते त्यांनी कधी खरवडून काढलं नाही. आमची मुलं पहिल्यांदा त्या घरात गेली की चित्र बघून हरखायची आणि झाकण उघडलं की आत मटकीची उसळ निघायची. माझ्या मुलाने तर तिथेच भोकाड पसरलं. बाई त्याला म्हणाल्या, "रडून घे. मटकी थांबेल."

बाईंचं लग्न झालेलं नव्हतं. का नाही, हे विचारायची आमच्यात कोणाची छाती नव्हती. एकीने एकदा तेवढं धाडस केलं, तेही पेटीच्या आडून. म्हणाली, "बाई, एकट्या जिवाला एवढी मोठी पेटी?" बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "एकट्या जिवाला छोटी पुरते. म्हणून तर मोठी घेतली." याचा अर्थ काय ते मला पुढे बऱ्याच दिवसांनी कळलं.

आम्ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होतो आणि बाई आमच्या सुपरवायझर. ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. मोठ्या शहरांना एसटीडी सुरू झालं होतं, पण कोकणातल्या, घाटावरच्या गावाला फोन करायचा तर अजून आमच्याकडे बुकिंग करावं लागायचं. मग आम्ही बोर्डावर वायर खोचून माणसाला माणूस जोडून द्यायचो. तीन मिनिटांचा एक कॉल. तीन मिनिटं झाली की मध्ये तोंड घालून विचारायचं, "तीन मिनिटं झाली, एक्स्टेंड करू?" चोवीस वर्षं हे वाक्य बोलून बोलून ते बाईंच्या अंगात मुरलं होतं. जगातलं कुठलंही बोलणं तीन मिनिटांत संपलं पाहिजे असं त्यांचं मत होतं. आम्ही नवऱ्याची, सासूची, लाईट बिलाची गाऱ्हाणी सांगायला बसलो की बाई ऐकून घ्यायच्या आणि ऐन रंगात आलं की म्हणायच्या, "तीन मिनिटं झाली." पुष्कळदा एक्स्टेंड करायच्या नाहीत. एका साहेबांच्या निरोपसमारंभात साहेब बोलायला उठले ते थांबेचनात. समोसे गार होत होते. मागून बाईंचा तो स्वच्छ, कोरडा, ट्रंक लाईनवरचा आवाज आला, "तीन मिनिटं झाली, सर. एक्स्टेंड करू?" साहेब खाली बसले. जाताना त्यांनी बाईंचे आभार मानले म्हणतात, पण ते आम्ही कोणी ऐकलेलं नाही.

महिन्याचा दुसरा रविवार आमचा. आम्ही पाच जणी होतो, सगळ्या नोकरीवाल्या, सगळ्या पोरंबाळंवाल्या, मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत पसरलेल्या. ड्यूटी चार्ट बाईंच्या हातात असल्यामुळे पाचही जणींची सुट्टी बरोब्बर त्याच रविवारी पडायची. एक्स्चेंजमधल्या बाकीच्या कुरकुरायच्या. बाईंचं उत्तर ठरलेलं, "तुम्ही पण या. चाकू घेऊन या." चाकू म्हटल्यावर कुरकुर थांबायची.

सकाळी सातला सुरुवात. चार कुकर, गॅसच्या दोन शेगड्या, गॅलरीत एक रॉकेलचा स्टोव्ह. दोघी कांदा चिरायला, एक भाजायला, एक निवडायला आणि मी वाटायला, कारण माझ्या हाताला वाटण बारीक येतं असं बाईंनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. बाई स्वतः मध्ये उभ्या, साडीवर लोकरीचा पुरुषी बिनबाह्यांचा स्वेटर घालून. मे महिना असो की ऑक्टोबर, पेटीत हात घालायचा तर आधी स्वेटर. घामाच्या धारा लागल्या तरी तो उतरत नसे. संध्याकाळी पाचपर्यंत पाच घरांच्या महिन्याभराच्या संध्याकाळी तयार व्हायच्या. वरण, मूग, मटकी, चवळी, छोले, पालकाची पातळ भाजी, भरीत, टोमॅटोचं सार. खोबऱ्याचं वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये घालून त्याचे खडे. अर्ध्या भाजलेल्या पोळ्या, मध्ये कागद घालून.

आणि हे सगळं भरायचं दुधाच्या पिशव्यांत. अख्ख्या इमारतीच्या रिकाम्या पिशव्या बाईंकडे यायच्या. त्या धुऊन, सोड्यात उकळून, दोरीवर चिमटे लावून वाळत टाकलेल्या असायच्या. पिशवीत वरण घालायचं, हवा काढायची, तोंड करवतीच्या जुन्या पात्यात धरून मेणबत्तीच्या ज्योतीवरून फिरवायचं की पिशवी बंद. मग ती पाटावर आडवी ठेवून हाताने सपाट करायची. गोठली की पाटीएवढी पातळ. अशा पिशव्या पेटीत पुस्तकांसारख्या उभ्या लावलेल्या असत आणि कामावरून घरी जाताना जी ती आपापली घेऊन जायची. "गोळा गोठवला की थंडी उतरायला दोन तास. सपाट गोठवला की वीस मिनिटं. पोरगं शाळेतून आल्यावर दोन तास थांबतं का?" बाई विचारायच्या. मी घरी घड्याळ लावून बघितलं. वीस मिनिटं.

बाईंचे नियम आम्हाला पाठ होते. गरम पिशवी आत टाकायची नाही, शेजारच्या सगळ्या पिशव्यांना ताप येतो. बटाट्याला प्रवेश नाही. बटाट्यावर त्यांचा जुना राग होता. "थंडीत टाकला की रडतो. बाहेर काढला की पाणी पाणी. असल्या माणसावर विसंबायचं नाही." आणि सगळ्यात मोठा नियम फोडणीचा. फोडणी कधीही गोठवायची नाही. ती घरी, आयत्या वेळी, ताजी. "लोक आधी नाकाने जेवतात गं. जिन्यात फोडणीचा वास आला की घरात बाई आली, स्वयंपाक झाला, सगळं ठीक आहे. मग वरण कधीचं का असेना."

मला त्या बाईचं नवल वाटायचं, आजही वाटतं. तेव्हा आमच्यातल्या दोघींकडे तर साधा फ्रिजसुद्धा नव्हता. हे सगळं शिकवणारं कोणी नव्हतं, पुस्तक नव्हतं. बाईंनी एकेक जिन्नस गोठवून, उतरवून, खाऊन, पोट बिघडवून घेऊन एका वहीत लिहून काढलं होतं. एकदा मे महिन्यात रस्त्याखालची केबल जळाली आणि सकाळपासून लाईट गेले. आम्ही घाबरून धावलो, म्हटलं वाट लागली, पाच घरांचं अन्न गेलं. बघतो तर बाईंनी पेटीवर घरातल्या सगळ्या गोधड्या, सतरंज्या घातलेल्या आणि त्या ढिगाऱ्यावर स्वतः मांडी घालून बसलेल्या, हातात वर्तमानपत्र. कोणी झाकण उघडून बघू नये म्हणून. अकरा तास त्या तिथून उठल्या नाहीत. लाईट आले तेव्हा खाली उतरल्या, पाय झिणझिणत होते म्हणून भिंत धरली, झाकण उघडून एक पिशवी दाबून बघितली आणि म्हणाल्या, "दगड आहे. जा घरी."

आता माझ्या सासूबाईंकडे येते. कारण त्यांच्याशिवाय बाई पुऱ्या होत नाहीत.

सासूबाई मालवणकडच्या. सासरे मागेच वारले होते. मुलुंडला आमच्या दोन खोल्यांत मी, नवरा, दोन मुलं आणि त्या. पूर्वी त्यांनी वीस-वीस माणसांचं रांधलेलं होतं, पण आता संधिवाताने गुडघे आणि बोटं दोन्ही गेली होती. ओट्याशी उभं राहवत नव्हतं आणि त्याचा राग त्या कोणावर काढणार? नवरा भांडुपच्या कारखान्यात, पाळीवर. मी पण पाळीवर. अशा घरात मी बाईंच्या पिशव्या आणायला लागले आणि काही सांगितलं नाही. लपवलं असं नाही, सांगितलं नाही इतकंच. दोन आठवडे सासूबाई वरणाची तारीफ करत होत्या. डिसेंबर होता, भूकही बरी लागायची. आणि एका सकाळी त्यांना कचऱ्याच्या डब्यात रिकामी पिशवी आणि तिच्यातली चिठ्ठी सापडली. बाई प्रत्येक पिशवी दुसऱ्या पिशवीत घालायच्या आणि दोहोंच्या मध्ये तारखेची चिठ्ठी सरकवायच्या.

"ह्या काय गो?"

"चिठ्ठी. वरणाची."

"वरणाक चिठ्ठी?" सासूबाई सातवीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून वाचली. अकरा तारीख. मग भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी गेल्या, बोट ठेवून मोजत आल्या आणि सत्तावीसवर थांबल्या. "सोळा दिवसांचा वरण माका वाढलंस?"

मी फोडणी ताजी होती असं काहीतरी पुटपुटले.

त्या दिवसापासून त्यांनी माझ्या हातचं संध्याकाळचं जेवण सोडलं. स्टुलावर बसून, वाकड्या बोटांनी स्वतःपुरती पेज करायच्या आणि लोणच्याशी खायच्या. शिळं त्यांच्या घरी गुरांना घालत. मुलांच्या ताटाकडे बघून त्या जो सुस्कारा टाकायच्या तो माझ्या थेट वर्मी लागायचा. उन्हाळ्यात धाकटीला ताप आला. साधा ताप, चाळीतल्या निम्म्या मुलांना आलेला. पण सासूबाईंनी त्या दिवशी निकाल दिला. "पोरांका ताजा अन्न घालूक जमणा नसात तर नोकरी सोड. गणपतीपर्यंत बघतंय. मगे तुझ्या घोवाक मीच सांगतंय." नवऱ्याकडे मी आशेने बघितलं. तो म्हणाला, "तुमच्या दोघींचं तुम्ही बघा ना." मी राजीनाम्याचा कागद लिहिला, तारीख न घालता, आणि पर्समध्ये ठेवला. नोकरी मला नुसती पगारासाठी नको होती. हेडफोन कानाला लावला की मी कोणाची तरी सून नसायचे, मी लाईन असायचे. हे घरी कोणाला सांगता आलं नसतं. बाईंना सांगितलं. त्यांनी तीन मिनिटं ऐकलं आणि एक्स्टेंड केलं. म्हणाल्या, "कागद ठेव पर्समध्ये. पण तारीख घालू नकोस."

पेटीतल्या पिशव्यांच्या तीन जाती होत्या, ट्रंक कॉलच्या असतात तशाच. पिवळ्या दोऱ्याची ऑर्डिनरी, म्हणजे रोजची. लाल दोऱ्याची अर्जंट, म्हणजे पाहुणे आले, मूल आजारी पडलं, पुढच्या पाळीची रिलीव्हर आलीच नाही आणि डबल ड्यूटी पडली. आणि तळाशी, एका कोपऱ्यात, पांढऱ्या दोऱ्याच्या सहा. लायटनिंग.

लायटनिंग कॉल म्हणजे विजेसारखा. बुक केला की बाकीचे सगळे थांबवून तो आधी लावायचा. त्याचा दर ऐकून माणसं दोनदा विचार करायची, त्यामुळे कोणी उगाच करत नसे. लायटनिंग आला की बोर्डावरच्या सगळ्यांना कळायचं, कोणाच्या तरी घरचं कोणीतरी गेलं. बाईंच्या लायटनिंगच्या पिशव्यांत मऊ मुगाची खिचडी असायची. नुसती हळद, मीठ. त्यांना फोडणी द्यायची नाही, घरी नेल्यावरसुद्धा नाही. "त्या घरात वास नको," बाई म्हणायच्या. त्या पिशव्या आमच्या पाच जणींपैकी कोणाच्याही नव्हत्या. ज्या घरावर वेळ येईल त्या घराच्या. मग ते घर आमच्यातल्या कोणाचं असो, इमारतीतलं असो, नाहीतर समोरच्या वाण्याचं.

दर दोन महिन्यांनी बाई लायटनिंग बदलायच्या. जुन्या सहा बाहेर काढायच्या, नव्या सहा आत. आणि जुन्यांची व्हायची मेजवानी. रविवारचं काम आटपलं की ती दोन महिन्यांची खिचडी मोठ्या पातेल्यात गरम व्हायची, तिला मात्र सणसणीत लसणाची फोडणी पडायची, वर तूप, बाजूला पापड, लोणचं, आणि आम्ही सहा जणी जमिनीवर गोल बसून हादडायचो. बाई इतर वेळी चिमणीएवढं खायच्या, त्या दिवशी तिसऱ्यांदा वाढून घ्यायच्या. पहिल्या वेळी मला कळेना यात एवढं खूश होण्यासारखं काय आहे. बोरिवलीवाली माझ्या कानाशी लागली, "अगं, शिळी झाली म्हणजे लागली नाही ना! दोन महिने आपल्यातलं कोणी गेलं नाही. बाईंचा हा सण असतो यार." मी घास हातात घेऊन बाईंकडे बघत राहिले. त्या पापड मोडत होत्या.

जून महिन्यात माझ्या हातून चूक झाली. रिलीव्हर दोन तास उशिरा आली. मुलं घरी भुकेलेली, माझ्या वाट्याच्या पिवळ्या संपलेल्या, लालमध्ये एकही नाही. बाई ड्यूटीवर होत्या. त्यांच्या घराची किल्ली मीटरच्या डब्यामागे असायची, आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मी पेटी उघडली आणि एक पांढरी उचलली. मनात म्हटलं, खिचडी ती खिचडी. पेटीवर एक पाटी टांगलेली असायची, काय नेलं ते तिच्यावर लिहायचं. घाईघाईत मी लिहिलं माझं नाव आणि पुढे, पांढरी एक. बस्स. आणि पळाले.

संध्याकाळी साडेसातचा सुमार. मुलं खिचडी खात होती, एकमेकांच्या ताटात बोटं घालत होती. सासूबाई पेज घेऊन दारापाशी वाऱ्याला बसल्या होत्या. जिन्यात धाडधाड पावलं वाजली आणि दारात बाई उभ्या राहिल्या. अंगावर स्वेटर, एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात दुसऱ्याच कोणाची तरी, हातात पिशवी. पिशवीत उरलेल्या पाच लायटनिंग. त्या सासूबाईंना पूर्वी कधी भेटलेल्या नव्हत्या. त्यांच्यासमोर वाकून, धापा टाकत, त्यांनी विचारलं, "कोण गेलं?"

सासूबाईंनी पेजेचा वाडगा खाली ठेवला. बाईंना वरपासून खालपर्यंत, त्या दोन चपलांपर्यंत, न्याहाळलं. "अजून कोणच जाऊक नाय," त्या म्हणाल्या. "तुमका घाई आसा काय?"

बाईंनी आत डोकावून बघितलं. मी, मुलं. नवरा कामावर आहे, ठीक आहे, असं मी हातवारे करून सांगितलं. त्यांनी आम्हाला मोजल्यासारखं केलं आणि एकदम उंबऱ्यावर मटकन बसल्या. मी पाणी दिलं तर पेला दोन्ही हातांनी धरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी चूक सांगितली. बाई सासूबाईंनाच म्हणाल्या, "माफ करा हं. पांढरी गेलेली बघून मला वाटलं..."

"पांढरी म्हंजे काय?" सासूबाईंनी विचारलं.

आणि तिथे, उंबऱ्यावर बसून, बाईंनी जे सांगितलं ते आम्हा पाच जणींनासुद्धा त्यांनी कधी सांगितलेलं नव्हतं. त्या नवीन लागल्या तेव्हाची गोष्ट. एक लायटनिंग त्यांनी लावला. कॉल चालू असताना ऐकायचं नसतं, पण लाईन स्वच्छ आहे ना बघायला पहिली दोन वाक्यं कानावर पडतातच. पलीकडून निरोप सांगितला गेला. इकडे फोन घेणाऱ्या बाईच्या हातून रिसीव्हर सुटला असावा, तो कोणी परत जागेवर ठेवलाच नाही. लाईन उघडी राहिली. बोलणं काही नाही. आणि मग एका लहान मुलाचा आवाज. आई, भूक लागली. कोणी उत्तर दिलं नाही. थोड्या वेळाने पुन्हा, आई, भूक. "मी हॅलो हॅलो म्हणत होते," बाई म्हणाल्या. "पण खाली लोंबणाऱ्या रिसीव्हरमधून कोणाला ऐकू जाणार? पत्ता माहीत नाही. मी काय करणार होते? शेवटी लाईन कापली. कापावीच लागते."

माझी धाकटी चमचा चाटत बाईंकडे बघत होती.

"तरी ताजा करून नेऊचा," सासूबाई म्हणाल्या. "शिळा कशाक?"

"ताजं करायला घेतलं की उशीर होतो हो."

सासूबाईंनी मान हलवली. पटलं नाही. बाई गेल्यावर त्यांनी मला एवढंच सुनावलं, "बाई बरी आसा. पण पिशी." पिशी म्हणजे वेडी. "गणपतीपर्यंत म्हटलंय ता म्हटलंय."

ऑगस्ट उजाडला. सासूबाईंची गावाला जायची तयारी सुरू झाली. दर वर्षी गणपतीला त्या त्यांच्या दादाकडे, कणकवलीजवळच्या माहेरी जात. दादा म्हणजे थोरला भाऊ. आई-वडील लवकर गेलेले, दादानेच त्यांना वाढवलं, लग्न लावून दिलं. ट्रंकेत दादासाठी नवं धोतर, चहाची पुडी, त्याला आवडतात म्हणून मुंबईची नानकटाई. आणि माझ्या पर्समधल्या कागदाचे दिवस भरत आलेले. परत आल्या की त्या आपल्या मुलाशी, म्हणजे माझ्या नवऱ्याशी, बोलणार होत्या.

चौदा तारखेला दुपारी सव्वातीनला मी बोर्डावर होते. मागून कोणीतरी माझ्या कानावरचा हेडफोन काढला. बाई होत्या. त्यांनी माझ्या हातातली वायर घेऊन दुसरीकडे दिली आणि मला उभं केलं.

"तुझ्या सासूबाईंचे दादा गेले. कणकवलीहून लायटनिंग होता, तुमच्या शेजाऱ्यांच्या नंबरावर. कॉलच्या तिकिटावर सासूबाईंचं नाव बघितलं आणि मीच लावला." मग म्हणाल्या, "दोनदा एक्स्टेंड केला. घरी जा. मी मागून येते."

चोवीस वर्षांत बाईंनी ड्यूटी अर्धी सोडल्याची ती पहिली वेळ.

मी घरी पोहोचले तेव्हा सासूबाई कॉटवर बसल्या होत्या. रडत नव्हत्या. ट्रंक उघडी, दादाचं कोरं धोतर मांडीवर आणि त्याची घडी वाकड्या बोटांनी त्या पुन्हा पुन्हा सारखी करत होत्या. गाडी दुसऱ्या दिवशी पहाटेची, तोवर तिकडचं सगळं उरकणार होतं. दादाचं तोंड दिसणार नव्हतं. मुलं शाळेतून येऊन दप्तरं पाठीवर तशीच ठेवून भिंतीला टेकली होती. मी सासूबाईंच्या शेजारी बसले आणि मलाही काही सुचेना. धाकटी हळूच म्हणाली, "आई, भूक लागली."

मी ऐकलं आणि तरी मी उठले नाही. हे मी का सांगते, तर बाईंची गोष्ट माहीत असूनसुद्धा मी उठू शकले नाही.

तेवढ्यात बाई आल्या. आमच्या घरात शेगडी पेटवायची नाही हे त्यांना सांगावं लागलं नाही. सरळ शेजारी गेल्या आणि त्यांच्या गॅसवर दोन पिशव्या गरम करून आणल्या. आधी मुलांना वाढलं. मग एका वाडग्यात थोडी खिचडी घेऊन सासूबाईंच्या समोर स्टुलावर ठेवली आणि स्वतः जमिनीवर बसल्या.

सासूबाईंनी वाडग्याकडे बघितलं. मग विचारलं, "ही कधीची?"

मला वाटलं, बाई, आज खोटं बोला. आज केली म्हणा. पण बाईंनी स्वेटरच्या खिशातून चिठ्ठी काढली आणि वाचली. "नऊ जुलै. छत्तीस दिवस झाले."

सासूबाईंनी चिठ्ठी त्यांच्या हातातून घेतली. भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघितलं. उठल्या नाहीत, बसल्या जागेवरून बोटांवर काहीतरी मोजलं.

"नऊ जुलै," त्या म्हणाल्या. "त्या आठवड्यात दादाचा पत्र इला होता. गरे तळलंय म्हणान." पुन्हा मोजलं. "म्हंजे माझो दादा जितो होतो, तेवाची."

आणि त्यांनी वाडगा ओढून घेतला. पहिला घास तोंडात घातला तेव्हा त्यांना रडू फुटलं, पण त्या खात राहिल्या. सगळी खाल्ली. वाडगा बोटाने पुसून खाल्ला. मग दादाबद्दल बोलायला लागल्या. दादाने खांद्यावरून शाळेत कसं नेलं, लग्नात दादा कसा माडाआड जाऊन रडला. दिवेलागण होईपर्यंत बोलत होत्या. बाई ऐकत होत्या. त्या दिवशी त्यांनी मिनिटं मोजली नाहीत.

सासूबाई गावाहून दिवसकार्य आटपून परत आल्या. गणपती झाले. नोकरीचं कोणी काढलं नाही, मीही काढलं नाही. सप्टेंबरचा दुसरा रविवार आला. सकाळी मी निघाले तर सासूबाई लुगडं बदलून दारात. "माका पण ने गो. त्या पिशीकडे."

त्यांना दोन जिने उतरायला वेळ लागला. घाटकोपरला बाईंनी त्यांना खुर्ची दिली, ती त्यांनी नाकारली आणि जमिनीवर फतकल मारून मूग निवडायला बसल्या. दुपारी जुन्या लायटनिंगपैकी उरलेल्या चार पिशव्या निघाल्या. सण या वेळी अर्धाच होता हे सगळ्यांनाच कळत होतं. बाई म्हणाल्या, "चार तर चार," आणि फोडणी टाकली. सासूबाईंनी दोन महिन्यांची खिचडी खाल्ली आणि मीठ कमी आहे असं सांगितलं. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. त्यांच्या वहीत दुसऱ्या कोणाचं म्हणणं लिहिलं गेलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

नव्या सहा पिशव्यांची खिचडी मग सासूबाईंनीच केली, स्टुलावर बसून, कोणाला हात लावू न देता. पिशव्या भरल्या, मेणबत्तीवर बंद झाल्या. चिठ्ठ्या लिहायची पाळी आली तर कागद संपलेला. मी पर्स उघडली. तो राजीनाम्याचा कागद अजून आतच होता, घडीवर मळलेला. मागची बाजू कोरी. मी त्याचे सहा तुकडे केले. बाईंनी ते बघितलं आणि पेन्सिल पुढे केली.

मी नेहमीप्रमाणे कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहायला लागले. सासूबाई माझ्या खांद्यावरून बघत होत्या. त्यांनी माझं मनगट धरलं.

"तारीख मोठी घाल गो," त्या म्हणाल्या. "कोणाक तरी वाचूची लागतली."